ठेका धरू नये

४ सप्टेंबर

पोचले एकदाची. घरून निघताना तोंड एवढंसं झालं होतं, पण इथलं फाटक आमच्यासमोर आपोआप उघडलं आणि मला हसूच आलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांनी गाडीतून उतरून, वाकून, मोटर कुठे बसवलीय ते शोधलं. मोटर नव्हतीच. मग मान डोलावून म्हणाले, चला, म्हणजे कधी बिघडायचं नाही.

टेकडीवर पिवळ्या दगडाची तीन मजली इमारत, एकटीच. जादूची शाळा म्हटल्यावर मी काय काय डोक्यात घेऊन आले होते. ही तर बाहेरून जुन्या इस्पितळासारखी दिसते. आत मात्र उजेड भरपूर, फरशा थंडगार आणि सगळीकडे साबणाचा वास.

मी इथे कशी आले ते लिहून ठेवते. दादाच्या बँडमध्ये मी ड्रम वाजवते. सोळा वर्षांची पोरगी ड्रम वाजवते म्हणून लोक बघायला येतात आणि मग ऐकत बसतात. आमच्या शेवटच्या गाण्यात माझा स्वतःचा एक ठेका आहे: धम्, धम्, तडक्, आणि मग एक रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत अख्खा हॉल श्वास धरतो. जूनमधल्या कार्यक्रमात त्या जागेत पुढच्या रांगेतल्या खुर्च्या माणसांसकट वर उचलल्या गेल्या आणि पुढच्या ठोक्याला परत खाली टेकल्या. लोकांना वाटलं, आमचीच काहीतरी युक्ती. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात करड्या कोटातल्या एक बाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि आईला शांतपणे म्हणाल्या, की तुमच्या मुलीत जादू आहे आणि ती नीट शिकली नाही तर एक दिवस खुर्च्या खाली येणार नाहीत. आई आधी रडली, मग खूश झाली, मग शेजारच्या काकूंना सांगून आली. त्या बाई म्हणजे इथल्या मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात.

ड्रम आणायला बंदी होती. दारातच वसतिगृहाच्या आत्यांनी (त्या कुणाच्याच आत्या नाहीत, पण सगळ्यांच्या आत्या आहेत) माझी पिशवी उपसून काठ्या काढून घेतल्या. एक जोडी बुटात होती, ती राहिली. दादाने ही वही दिली आहे. म्हणाला, हात शिवशिवले की लिही, निदान कुणाची झोपमोड होणार नाही.

माझ्या खोलीतली मुलगी इवलीशी आहे आणि सतत काहीतरी इकडून तिकडे नेऊन नीट लावत असते. मी तासाभरातच तिचं नाव मुंगी ठेवलं. तिला राग आला नाही. उलट म्हणाली, घरी तिला कुणी टोपणनाव ठेवलेलंच नाही.

५ सप्टेंबर

ही शाळा येड्यांनी बांधलीय की येड्यांसाठी, ते अजून ठरत नाही.

जिन्याच्या पायऱ्या सारख्या नाहीत. एक उंच, एक बुटकी, एक इतकी रुंद की दोन पावलं टाकावी लागतात. सकाळी मी धावत उतरले आणि तोंडावर आपटले. अख्ख्या इमारतीत घड्याळ नाही. तासाची घंटा एक म्हातारा हाताने वाजवतो, ती कधी सलग तर कधी खोकल्यासारखी अडकत. नळ ठिबकायला लागला की दोघं-तिघं पळत जाऊन खाली फडका धरतात. झोपाळा नाही, दोरीच्या उड्या नाहीत, चेंडू भिंतीवर मारायचा नाही. आणि टाळ्या वाजवायच्या त्यासुद्धा विस्कटून. जेवणाआधी मोठ्या बाई बोलल्या तेव्हा सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटलं.

नियम एकच आहे म्हणे. हसा, भांडा, रडा, पण ठेका धरू नये. तेच ते, त्याच अंतराने, पुन्हा पुन्हा करू नये.

मला. हे मला सांगतायत. घरी मला टकटक म्हणतात. ताट, खिडकी, बाबांच्या गाडीचं दार, दादाची पाठ, मी काय वाजवलेलं नाही?

९ सप्टेंबर

पहिले धडे पाण्याच्या सरांकडे. ते वयस्क आहेत, आवाज मऊ, डावा हात कायम कोटाच्या खिशात. समोर वाडगाभर पाणी ठेवायचं, श्वास रोखायचा, बोटं हवेत वेडीवाकडी फिरवायची आणि पाणी वर यायची वाट बघायची. चष्मेवाल्या मुलाचं पाणी वीतभर वर आलं. माझं हललंही नाही. सर म्हणाले, तुझी बोटं वाट बघत नाहीत, मोजतात.

मुंगीचंही हललं नाही. पण ती रडकुंडीला आली. तिची थोरली बहीण इथूनच शिकून गेली. तिचा फोटो जेवणघरात लावला आहे, आणि मुंगी रोज त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसते. पहिल्या परीक्षेत नापास झाले तर घरी परत पाठवतील, आणि घरी गेले तर बहीण काही बोलणार नाही, नुसती बघेल, म्हणाली. ते नुसतं बघणं तिला नको आहे.

मी तिला म्हटलं, माझ्याकडे बघ, मला तर ढिम्म काही येत नाही आणि मी चांगली जेवले.

१३ सप्टेंबर

आज जे झालं ते आधी लिहून काढते, मग जेवते.

दुपारच्या जेवणानंतर विश्रांतीचा तास असतो. सगळे आडवे होतात. मला आडवं होणं जमत नाही. मी तळघरातल्या धुण्याच्या खोलीत गेले. तिथे पत्र्याची मोठमोठी घमेली पालथी घालून ठेवलेली असतात. बुटातून काठ्या काढल्या. दहा दिवस हात बांधून घातल्यासारखे झाले होते. आधी हळू, मग जरा मोकळं, आणि मग माझा ठेका. रिकाम्या जागेत आले आणि खोलीतली सगळी घमेली, साबणाचे डबे, वाळत घातलेल्या चादरी, सगळं एकदम वर. पुढच्या ठोक्याला खाली. मी पुन्हा वाजवला. पुन्हा वर.

एक वाडगा पाणी उचलायला वर लोक दिवसचे दिवस श्वास कोंडून बसलेत. आणि इथे ही घमेली पिसासारखी.

म्हणजे हे खोटं सांगतायत आम्हाला.

१४ सप्टेंबर

नाश्त्याला चमच्याने टेबल वाजवलं. मुद्दाम नाही, आणि थोडं मुद्दाम. सगळं जेवणघर चिडीचूप. आत्यांनी चमचा हातातून ओढून घेतला, तेव्हा त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. घाबरलेला होता.

मोठ्या बाईंच्या खोलीत उभी केली. मी विचारलं, ठेका का धरायचा नाही, कारण सांगा. त्या म्हणाल्या, "विस्तवाला हात लावू नको म्हटल्यावर तू कारण विचारतेस?"

"लहानपणी विचारलं होतं," मी म्हटलं. "आईने सांगितलं होतं."

त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. सांगतील असं वाटलं. पण म्हणाल्या, की कारण कळल्यावर पोरं करून बघतात, असा त्यांचा अनुभव आहे. शिक्षा म्हणून दोन आठवडे दुपारी धुण्याच्या खोलीत चादरींच्या घड्या घालायच्या.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. हसू आवरता आवरता पुरेवाट झाली.

१८ सप्टेंबर

मुंगी पास.

तीन दुपारी मी तिला खाली घेऊन गेले. तिला आधी फार भीती वाटत होती. मी म्हटलं, काठ्या नकोत, आवाजही नको, बुटाच्या आत अंगठ्याने वाजव, कुणाला दिसणार आहे. माझा ठेका शिकवला. धम्, धम्, तडक्, जागा. मी स्वतः तो कधीच दोनदा सारखा वाजवत नाही, मध्येच काहीतरी घुसडते, मला राहवत नाही. ती मात्र दिलं तसं घेते. तसंच्या तसं, पुन्हा तसंच्या तसं. घड्याळसुद्धा लाजेल.

आज परीक्षेत तिचं पाणी वर आलं, वाडगा वर आला, आणि वाडग्याखालचं टेबलही जरासं उचललं गेलं. वर्गातल्या मुलांनी विस्कटलेल्या टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या नाहीत. ते तिच्या बुटांकडे बघत होते.

मीही पास झाले, काठावर. रात्री जेवताना मुंगी बहिणीच्या फोटोकडे तोंड करून बसली.

२१ सप्टेंबर

धुण्याच्या खोलीत कुणीतरी आहे. म्हणजे खोलीत नाही, खाली.

मी वाजवत होते आणि फरशीखालून उत्तर आलं. मी धम्, मग थोड्या वेळाने खालून धम्. आधी वाटलं, पाण्याचे पाइप. पाइप असे करतात, बाबा सांगतात. मी एक अवघड तुकडा वाजवून बघितला. खालून तो अवघड तुकडा आला, जरा अडखळत, नवशिक्यासारखा. मी दुसरा दिला. तोही आला.

खरं सांगू? मला आनंद झाला. इतके दिवस एकटीने वाजवत होते. साथीला कुणीतरी मिळालं. मुंगी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, आपण जाऊ या. मी म्हटलं, थांब, त्याला शिकू दे.

त्याला शिकू दे, असं मी म्हटलं.

२३ सप्टेंबर

आता ते मागे राहत नाही. माझा ठोका आणि त्याचा ठोका एकच होतो. तळपायांना कळतं. असं दादाबरोबरही कधी जुळलं नव्हतं.

इतकं जुळलेलं असूनही मजा येत नाही. का ते कळत नाही. खाज सुटल्यासारखं वाटतं, पण कुठे खाजवायचं ते सापडत नाही.

२४ सप्टेंबर

आज ते माझ्या आधी आलं.

काठी वर होती, घमेल्याला लागायची होती. आवाज खालून झाला आणि मग माझा हात पडला. मी मुद्दाम वेगळं वाजवायचं ठरवलं. जे ठरवलं ते मी वाजवायच्या आत खालून वाजलं. मग मी थांबले. काठ्या खाली ठेवल्या. ते थांबलं नाही. माझाच ठेका, शांतपणे, न चुकता, धम्, धम्, तडक्. आणि जागा. त्या जागेत सगळ्या चादरी छताला जाऊन चिकटल्या.

आणि खाली यायला त्यांनी वेळ घेतला. माझ्या ठेक्यात एवढी मोठी जागा नाही.

वर पळत आले. जिन्यात पडले. गुडघा फुटला. इथल्या पायऱ्या अशा का, ते आता थोडं कळायला लागलंय.

उद्यापासून वाजवणार नाही. काठ्या शौचालयाच्या टाकीमागे टाकल्या.

२६ सप्टेंबर

मुंगीकडे बघते आहे. दोन दिवस झाले, बघतेच आहे.

ती घास चावते. दोनदा, मग दोनदा पटकन, मग तोंड बंद. मग परत. डोळ्यांची उघडझाप तशीच. केस विंचरताना फणी तशीच. बोलताना दोन शब्द, मग दोन घाईचे, मग थांबते, आणि मला वाटतं पुढचं बोलणारच नाही.

मी तिला सांगितलं. तिला काहीच जाणवत नाही म्हणाली. उलट फार छान वाटतंय. आतून कुणीतरी हात धरून चालवतंय असं वाटतं, म्हणाली. तिला कधी कुणी असं हाताला धरून नेलेलंच नाही.

तिच्या पाण्याला आता वाडगा लागत नाही. वर्गातलं सगळं पाणी तिच्याकडे येतं. मोठ्या बाईंनी आज तिला बाजूला बोलावून घेतलं.

२७ सप्टेंबर

दुपारी ती झोपली होती. मी तिचं मनगट धरलं. आई परिचारिका आहे, नाडी बघायला तिनेच शिकवलं.

धम्. धम्. तडक्.

जागा.

माझा ठेका. तिच्या नाडीत. तो ‘तडक्’चा जोडठोका मी चौदा वर्षांची असताना दादाच्या खोलीत बसून बसवला होता, कितीदा चुकून, रडून. तो या पोरीच्या मनगटात वाजतोय. आणि जागेत काहीच नाही. बोटाखाली काहीच नाही. मी श्वास धरून बसले, हॉलमधले लोक धरायचे तसा.

मग धम्.

मी उठून सरांकडे पळाले.

त्यांनी दार लावून घेतलं. बरंच बोलले, जमेल तसं लिहिते.

इमारतीखाली काय आहे ते कुणी बघितलेलं नाही. ते झोपलेलं असतं. शाळेतली सगळी जादू त्याच्या झोपेतून येते, चुलीजवळ बसून ऊब घ्यावी तशी. त्याला स्वतःचं काळीज नाही. ठेका ऐकला की ते जागं व्हायला लागतं, आणि जो ठेका आवडला तो एखाद्या माणसाच्या काळजात वाजवून बघतं. मी विचारलं, मग मी का नाही, मी तर सगळ्यात जास्त वाजवलं. ते म्हणाले, तू एक गोष्ट दोनदा सारखी करत नाहीस. त्याला धरायला तुझ्यात खुंटीच सापडली नाही. ती मुलगी दिलेलं जसंच्या तसं करते.

म्हणजे माझा अवखळपणा माझ्या कामी आला आणि तिचा शहाणेपणा तिला नडला.

जागा वाढत का जाते, विचारलं. कारण त्याला ती जागाच आवडते, म्हणाले. तिथेच तर सगळं वर उचललं जातं.

मग त्यांनी डावा हात खिशातून बाहेर काढला. बोटं टेबलावर ठेवली. ती आपोआप वाजायला लागली, हलकेच, झोपेत बाळाला थोपटतात तशी. चाळीस वर्षं थांबलेली नाहीत. त्याने त्यांच्या हातापर्यंतच मजल मारली होती, तेवढ्यात त्यांच्या वर्गातल्या एका मुलीने त्याच्यासाठी दुसरं काहीतरी वाजवलं, जास्त सरळ, जास्त सोपं. नवं मिळालं की ते जुनं सोडतं, बोटांत मात्र तेवढं राहून गेलं.

त्या मुलीचं काय झालं, मी विचारलं. सरांनी हात परत खिशात घातला.

२८ सप्टेंबर

मुंगीला आजारी खोलीत नेलं आहे. मोठ्या बाई तिच्या उशाशी बसून होत्या. मला बघून त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, मी तुला कारण सांगायला हवं होतं. माझी चूक आहे, तुझ्यापेक्षा मोठी.

घरी फोन केलाय. बाबा परवा न्यायला येतायत. मी गेले तर बरं, म्हणाल्या, निदान एक तरी पोर वाचेल.

मुंगीचे ओठ जागेत निळे पडतात. मग ठोका येतो, मग गुलाबी होतात. प्रत्येक वेळी उशीर जरा जास्त. जागेत तिची गादी पलंगावरून वर उचलली जाते. आत्या चारही कोपरे दाबून धरतात. तिची बहीण आलीय. कोपऱ्यात उभी आहे. नुसती बघत नाही, रडते आहे. मुंगीला ते दिसत नाही.

२९ सप्टेंबर

सरांना विचारून आले. जागा नसलेला ठेका वाजवला तर? ते म्हणाले, जागाच नाही तर काळीज थांबणार कुठे. पण एकदा सुरू केला की बदलायचा नाही, एक ठोकाही नाही. बदललास की ते तुला सोडून पुन्हा तिच्याकडे जाईल. आणि मग म्हणाले, हे मी तुला सांगायला नको होतं, उद्या वडिलांबरोबर घरी जा. म्हणताना त्यांचे डोळे भरले होते.

टाकीमागून काठ्या काढल्या.

आता दुपार. सगळे आडवे झालेत. खाली जाते आहे.

बाबांना वाटेल मी कधी ऐकत नाही. खरंच आहे ते.

२९ सप्टेंबर, संध्याकाळ

झालं.

दार आतून लावून घेतलं. एकच ठोका. धम् तक, धम् तक. लहान पोरंही वाजवतील असा. मला इतकं सोपं काही वाजवायची लाज वाटायची. हात सारखे वळवळत होते, इथे एक घाल, तिथे एक वगळ. नाही घातलं. नाही वगळलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट न बदलता केली.

बराच वेळ ते खाली मुंगीचंच वाजवत राहिलं. मग ऐकायला लागलं. ऐकतंय ते कळतं, तळपायांना. मग फरशी कोमट झाली. मग ते तळपायांतून वर आलं, पोटऱ्या, गुडघे, पोट. आणि छातीत आल्यावर —

दुखलं नाही. मुंगी म्हणाली तसंच. कुणीतरी हात धरल्यासारखं.

आत्या दाराबाहेरून ओरडून सांगत होत्या, तिची नाडी मोकळी झाली, वेडीवाकडी झाली, माणसासारखी झाली, उठून पाणी मागतेय.

काठ्या ठेवून दिल्या. डावा हात मांडीवर चालूच आहे. उजव्याने लिहिते.

३० सप्टेंबर

झोप नाही. झोपेला जागा लागते.

श्वास तसाच. पापण्या तशाच. धम् तक. मी दार उघडत नाही. कुणी ऐकलं, कुणी पाय हलवला तर त्याच्याकडे — नको.

मोठ्या बाई दारापाशी बसल्यात. त्या बोलतात, दर वाक्य वेगळ्या लांबीचं, मुद्दाम. मला कळतंय त्या काय करतायत. मला ते शब्द धरून राहता येत नाहीत. सगळे एकाच लांबीचे ऐकू येतात.

फाटकाशी गाडीचा आवाज आला. बाबा.

३० सप्टेंबर, नंतर

बाबा दाराशी होते. म्हणाले, "टकटक, दार उघड गं, मी आलोय." मी म्हटलं, बाबा, तुम्ही वर जा. ते म्हणाले, बिजागऱ्या काढतो, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, हातोडी नको. हातोडी मारू नका. तुमच्या पाया पडते.

ते थांबले. त्यांना कळलं नाही, पण थांबले. बाबा नेहमी ऐकतात माझं.

मोठ्या बाईंनी त्यांना वर नेलं.

पाय दुखतात. हात. उजवाही आता — अक्षर बघा. एक शब्द. एक शब्द. एक शब्द.

आणि ते वेगात येतंय. थोडंसं. अगदी थोडंसं. शेवटी लय वाढवायची असते. दादा म्हणतो, शेवट असाच करायचा. मी खाली हेही वाजवलं होतं का? वाजवलं होतं. पहिल्याच दिवशी.

छाती. भरते. छाती. भरते.

बदलावं असं वाटतं. एक ठोका. फक्त एक. तो वगळला तर सुटेन.

नाही. ती वर पाणी पितेय.

नंतर

मुंगी आली आहे. दाराबाहेर. तिचा आवाज. घोगरा, तिचाच.

तिला सगळं सांगितलंय कुणीतरी. म्हणते, परत दे. मला दे. मला चालेल. मी जसंच्या तसं —

मी म्हटलं, जा.

म्हणते, तू कधी कुणाचं ऐकत नाहीस, मग माझं तरी कशाला — हसतेय. रडतेय. काही ठेका नाही त्याला. किती छान. किती —

दार वाजवतेय. बोटांनी. मी म्हटलं, वाजवू नकोस. मुंगी. वाजवू नकोस. काहीही कर. वाजवू नकोस.

थांबली.

म्हणाली, थांबले बघ. दोन्ही हात पाठीमागे घेतलेत, म्हणाली.

पण दार अजून वाजतंय. तिने वाजवलं तसंच. तसंच्या